आधी वेलांटी

कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या एका दुकानाच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला होता. ‘शिनवार-रिववार दुकान बंद. तातडीचं काम असल्यास बाजूच्या दारात हाक मारावी.’

कागदासमोर कॉलेजातली दोघं उभी होती, एक मुलगा आणि एक मुलगी.

“शिनवार!” मुलगी म्हणाली. “म्हणजे शीण घालवायचा वार.”

“आणि रिववार गं?”

“रिकामा वार. त्यातल्या ‘कामा’लापण सुट्टी दिलीय.”

दोघं खिदळत पुढे गेली. त्यांच्या मागे पावाची पिशवी घेऊन पट्टीवाले उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि वाचता वाचता त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी पिशवीच्या बंदावर आपोआप दाबली गेली. जिथे कधीकाळी वेलांटीचं बटण असायचं, तिथे.

आता ही गोष्ट आधी सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ‘रविवार’ लिहिताना आपण ‘र’नंतरच्या ‘व’ला पहिली वेलांटी देतो. बोलताना ती ‘व’च्या मागून येते, पण कागदावर उभी राहते ‘व’च्या पुढ्यात, डावीकडे. आजच्या फोनला आधी ‘व’ सांगायचा आणि मग वेलांटी, ती आपली जागा आपण शोधते. जुन्या यंत्राला एवढी अक्कल नव्हती. जे आधी दिसतं ते आधी दाबायचं. आधी वेलांटी, मग अक्षर. ज्याची बोटं त्या सवयीची, त्याने आजच्या फोनवर वेलांटी आधी दाबली तर ती आपल्या अक्षराची वाट बघत थांबत नाही. शेजाऱ्याच्याच डोक्यावर जाऊन बसते. रविवारचा रिववार होतो. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली तर शेजारीही नसतो. तेव्हा पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ उमटतं आणि वेलांटी त्याच्यावर छत्री धरून उभी राहते. छत्रीखाली कोणी नाही.

पट्टीवाल्यांच्या फोनमध्ये अशा छत्र्या पुष्कळ होत्या.

*

पट्टीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पट्टेवाले होते, म्हणजे शिपाई. मग तिथे शब्दयंत्र आलं. दारावर तशी पाटी लागली होती, पण सगळे म्हणायचे मशीन. टेबलाएवढं धूड, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ताटलीएवढ्या मऊ फ्लॉप्या, आणि बाजूला करकरणारा प्रिंटर. साहेबांच्या खोलीत पंखा आणि मशीनच्या खोलीत थंड हवेची पेटी. साहेब म्हणायचे, “पुढच्या जन्मी मशीन व्हायचं. निदान गार तरी राहीन.” आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कारण मशीनला धूळ सोसत नसे.

प्रिंटरमधून कागद अखंड निघायचा, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. त्या पट्ट्या फाडून काढायचं काम पट्टेवाल्यांकडे आलं. हलक्या हाताने, सरळ रेषेत, मजकुराला धक्का न लावता. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क म्हणाले, “अरे, हा पट्टेवाल्याचा पट्टीवाला झाला! मात्रा गेली, वेलांटी आली.” सगळे हसले. पट्टीवालेही हसले, पण मात्रा कशी असते आणि वेलांटी कशी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

हे फक्त मशीनवर बसणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं. बाई एकट्याच त्या खोलीत बसत, कारण बाकी कोणाला मशीन चालवता येत नव्हतं. सकाळी पट्टीवाले मशीनचा कळपाट, म्हणजे बटणांची पाटी, पुसायला आले की त्या डब्यातून बडीशेप काढून तोंडात टाकत आणि बघत बसत. एकदा म्हणाल्या, “रोज पुसता, तर जाता जाता ओळख तरी करून घ्या त्यांची. हा म. हा त. हा ज.”

“बाई, आता या वयात?”

“चाळिशी लागली ना? मग चष्म्याबरोबर अक्षरंही लागू देत.”

अशी पट्टीवाल्यांना चाळिशी आणि अक्षरं एकदमच लागली. पोरं शाळेत अ आ इ ई शिकतात. पट्टीवाल्यांची मुळाक्षरं म त ज ल न प व च अशी होती, कळपाटावर होती तशी. त्याखालच्या ओळीत डाव्या तर्जनीखाली वेलांटी, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली काना. ण, श, भ, ध ही अक्षरं मशीनवर अर्धीच यायची. नुसता ‘भ’ दाबला की तो लंगड्यासारखा अर्धा उभा राहायचा, मग काना दिला की पुरा व्हायचा. बाई म्हणायच्या, “कान द्या आणि काना द्या. अर्ध्यावर सोडू नका कोणाला.”

बाई चुकलं म्हणून कधी बोलल्या नाहीत. पडद्यावर चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवायच्या, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पुसताना त्यांच्या बोटांचे ठसे काचेवर असत आणि पट्टीवाल्यांना कळे, काल आपण कुठे कुठे अडखळलो.

एकदा पाणी बंद राहणार असल्याच्या नोटिसा निघत होत्या. मजकूर एकच, नावं तेवढी वेगळी. मशीन आपणच रिकाम्या जागेत एकेक नाव भरून पानामागून पान काढायचं आणि सगळं ऑफिस ते बघायला दारात दाटी करायचं. त्या गठ्ठ्यात, बाईंनी यादीत गुपचूप घातलेल्या नावाने, एका पानावर आलं, ‘श्री. पट्टीवाले यांस, कळविण्यात येते की...’ पट्ट्या फाडता फाडता त्यांचा हात थांबला. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः वाचलेलं हे पहिलं पत्र. उद्या नळाला पाणी येणार नाही, एवढंच त्यात होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला ते दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढं छान लिहिलंय, मग पाणी सोडायला काय झालं त्यांना?”

पुढे ते धूड जुनं झालं. प्रत्येक टेबलावर छोटे कॉम्प्युटर आले आणि बाईंचं काम ज्याचं त्याच्याकडे गेलं. बाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. पट्टीवाल्यांना मुख्य फाटकावर पाठवलं. शेवटच्या दिवशी बाईंनी मशीनवर खोळ घातली आणि म्हणाल्या, “एक पान लिहून दाखवायचं राहिलं तुमचं. नोटिशीचं नको, मनचं. आणा केव्हा तरी. तपासून देईन.”

“आणतो बाई.”

कुठे आणायचं, हे ना त्यांनी सांगितलं ना यांनी विचारलं. शिपायाने बाईंना पत्ता कसा विचारायचा?

*

आता बायकोही नव्हती. लेक दूरच्या शहरात. तिने फोन घेऊन दिला होता. त्यात अक्षरं अ आ इ ई अशा शिस्तीत बसलेली, पट्टीवाल्यांना आपलीच माणसं परक्या गावात शोधल्यासारखं व्हायचं. तरी शोधून शोधून त्यांनी पहिला निरोप लिहिला, ‘मी बरा आहे. रिववारी फोन कर.’

लेकीने तो घरच्या सगळ्यांना दाखवला. वाईट मनाने नव्हे, कौतुकानेच. नातीने फोन करून विचारलं, “आजोबा, रिववार केव्हा असतो? आमच्या कॅलेंडरात नाहीये.” मागे जावई हसल्याचं ऐकू आलं.

“बाबा, लिहायचा त्रास कशाला घेता?” लेक म्हणाली. “माईकचं चित्र आहे ना, ते दाबायचं आणि बोलायचं. सोपं.”

तेव्हापासून ते चित्र दाबून बोलायचे. पण बटणाशी माणूस बोलणार काय? “जेवलो. झोप लागली. तुम्ही बरे ना? ठेवतो.” संपलं. लिहिताना एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो, तसं बोलताना होत नव्हतं. शिवाय बोललेलं कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही.

फोनवर रोज काही ना काही यायचं. बँकेचं, औषधाच्या दुकानाचं, वीज कंपनीचं. ‘प्रिय ग्राहक’ असेल तर ते सोडून देत. पण कधीकधी त्यांच्या खऱ्या नावाने यायचं, वाढदिवसाला तर हमखास. ही रिकामी जागा आहे आणि तीत मशीनने नाव भरलं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ते पुरतं वाचत, आणि मग फोन पालथा ठेवत.

एवढ्यात हा कागद दिसला. शिनवार-रिववार.

हे बाईंचंच काम, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, बाई चुकायच्या नाहीत. पहिलं म्हणे, म्हातारपणी कोणीही चुकतं. या शहरात, त्या मशीनवर बाईंखेरीज बसलंय कोण? त्या दिवशी दुकान बंद होतं. बाजूच्या दारात हाक मारावी असं लिहिलं होतं खरं, पण हाक मारायची तर हातात पान हवं. रिकाम्या हाताने कसं जायचं? उशीर आधीच पुष्कळ झाला होता.

ते घरी गेले आणि पान लिहायला बसले. फोनवरच. दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पाव तसाच वाळून गेला. खोटं कशाला सांगा, कितीतरी दिवसांनी घरात माणूस असल्यासारखं वाटलं.

*

सोमवारी दुकान उघडं होतं. काही कारण हवं म्हणून पट्टीवाल्यांनी कपाटातली एक पँट बरोबर घेतली होती. शिवणयंत्रामागे एक बाई बसल्या होत्या, केस निम्मे पांढरे, गळ्यात टेप, दातांत दोन टाचण्या. त्यांच्या त्या बाई नव्हेत, हे दारातूनच कळलं. पट्टीवाले तरी आत गेले.

शिवणवालीने पँट उलगडून त्यांच्या पायाला लावून पाहिली.

“आखूड करायची? काका, ही आधीच घोट्याच्या वर चाललीय. अजून कापली तर चड्डी होईल.”

“मग... लांब करा.”

“लांब करायला कापड कुठंय? दुमड सोडून बघते.” तिने टाचण्या दातांतून काढल्या. “पण खरं सांगा, पँटसाठी नाही ना आलात?”

पट्टीवाल्यांनी काचेकडे बोट केलं. “तो कागद कोणी लिहिला?”

तिचा चेहरा उतरला. “आलात का तुम्हीपण? अहो, माहितेय मला, चुकलंय. येणारा-जाणारा हसतो. भाच्याने दहा वेळा सांगितलं. फाडणारच आहे आज.”

“फाडू नका.” पट्टीवाले म्हणाले. “आधी वेलांटी, मग अक्षर. असंच ना?”

तिने पँट खाली ठेवली.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“बाईंनी.”

“बडीशेपवाल्या बाई?”

पट्टीवाल्यांनी मान हलवली. शिवणवालीने पुढ्यातलं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं आणि ते बसले.

मग तिने सांगितलं. नोकरी सोडल्यावर बाई इथेच वरच्या मजल्यावर, हिच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. ऑफिसातून मशीन भंगारात निघालं तेव्हा ते त्यांनी उचलून आणलं. चार हमालांनी जिन्यातून चढवलं, तेव्हा भिंतीचा टवका उडाला तो अजून तसाच आहे. गल्लीतल्या बायकांना संध्याकाळी वर बोलवायच्या, अक्षरं शिकवायला. सगळ्या गेल्या आपापल्या वाटेने, ही तेवढी टिकली. “माझ्या शाळेत जायच्या वयात मी काजंच करत होते. हे अक्षर म्हणजे कसं, माझ्या बोटांत शिरलंय ते त्या मशीनचं. डोक्यात नाहीच.”

“आणि बाई?”

शिवणवालीने टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळला.

“जाऊन दोन वर्षं झाली काका.”

पट्टीवाल्यांनी वर छताकडे पाहिलं. समोरच्या बेकरीत ते कितीतरी वर्षं पाव घेत होते. पावाची पिशवी घेऊन याच फुटपाथवरून जायचे, डोक्यावर बाईंची खिडकी होती आणि खिडकीत बाई होत्या.

“शेवटी शेवटी दिसायचं नाही त्यांना,” ती म्हणाली. “मशीन बंद पडलं होतं, मेकॅनिक म्हणाला याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. तरी म्हणायच्या, खोळ काढ, जरा बोटं ठेवू दे. मेल्या कळपाटावर लिहीत बसायच्या. मी विचारायचे, काय लिहिता? म्हणायच्या, तूच वाच. आता बंद पडद्यावर काय वाचणार, कपाळ!”

“मशीन कुठंय?”

“गेलं. त्यांच्या पुतण्याने दिलं भंगारवाल्याला. मी फक्त ती मागून घेतली.”

तिने कोपऱ्यातल्या दुसऱ्या शिवणयंत्राकडे मान केली. त्याच्यावर करड्या रेक्झिनची खोळ होती, यंत्राला ढगळ, खाली लोळणारी. डावा कोपरा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो कोपरा पट्टीवाल्यांच्या बायकोने शिवून दिला होता, ऑफिसची खोळ फाटली म्हणून ते घरी घेऊन गेले तेव्हा. ते उठले नाहीत, हात लावायला गेले नाहीत. बसल्या जागेवरून बघत राहिले.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. “त्यांना दाखवायचं होतं. एक पान. तपासून देते म्हणाल्या होत्या.”

शिवणवालीने हात पुसले आणि फोन घेतला. लेकीच्या घरी ज्या ओळींवर हशा पिकला असता, त्या ती सरळ वाचत गेली. कुठे छत्रीखाली कोणी नव्हतं, कुठे वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर बसली होती, पण तिची जीभ एकदाही अडखळली नाही. रस्ता पायाखालचा असावा तशी ती वाचत होती.

“‘बाईंस नमस्कार. माझ्या घरात दोन खुर्च्या आहेत. एका दिवशी मी माझ्या खुर्चीवर बसतो आणि एका दिवशी हिच्या. नाहीतर दोघींपैकी एकीला राग येईल. हिच्या खुर्चीवरून खिडकी दिसते. माझ्या खुर्चीवरून हिची खुर्ची दिसते. मला वाटायचं हिला चांगली जागा मिळाली. आता कळतं, चांगली जागा माझी होती. हे मी लेकीला सांगितलं नाही, कारण बटण दाबून हे सांगता येत नाही...’”

तिने पुढचंही सगळं वाचलं. बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं, तिने हातानेच थांब म्हटलं. वाचून झाल्यावर फोन काही लगेच परत दिला नाही. पडद्याचा उजेड आपोआप गेला, तेव्हा दिला.

“तपासा ना,” पट्टीवाले म्हणाले. “चुका असतील.”

“असतील,” ती म्हणाली. “पण मला कशा दिसणार काका? मला सगळं बरोबरच दिसतंय.”

दोघंही हसले. बोट ठेवणारी होती ती गेली. आता हे पान असंच राहणार, तपासल्याशिवाय.

बाहेरचं गिऱ्हाईक खाकरलं. पट्टीवाले उठले. पँट इथेच राहू द्या म्हणत ते दाराशी गेले, तर तिने मागून विचारलं, “नाव काय लिहू पावतीवर? आणि फोनचा नंबर?”

“पट्टीवाले,” म्हणून त्यांनी नंबरही सांगितला.

“तुम्हीच होय ते?” ती एवढंच म्हणाली. त्यांनी पुढे विचारलं नाही, कारण गिऱ्हाईक आत आलं होतं आणि ब्लाउजच्या बाहीवरून वाद सुरू झाला होता. पण रस्ताभर ते त्या एका वाक्याभोवती फिरत राहिले. तुम्हीच होय ते. म्हणजे वरच्या खोलीत, कधीतरी, बडीशेप चघळता चघळता त्यांचं नाव निघालं होतं.

*

पुढचे दिवस गेले तसेच गेले. एक दिवस एक खुर्ची, एक दिवस दुसरी. बँकेने कळवलं, वीज कंपनीने कळवलं. लेकीचा फोन आला, तिला त्यांनी सांगितलं, जेवलो.

मग शनिवारी सकाळी फोन वाजला. पट्टीवाल्यांनी चष्मा लावला.

‘पट्टीवाले, पँट तयार आहे. आज शिनवार, दुकान बंद. तरी या. बाजूच्या दारात हाक मारा.’

त्यांनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला नाही. हे नाव रिकाम्या जागेत भरलेलं नव्हतं. लिहिणारीचं बोट कुठे घसरलं होतं तेसुद्धा दिसत होतं. उत्तर द्यायला त्यांनी माईकचं चित्र दाबलं, सोडलं, आणि अक्षरं शोधून लिहिलं, ‘शिनवारीच येतो.’

काचेवर कागद तसाच होता. बाजूला एक अरुंद दार, त्याच्या आत जिना, जिन्याच्या वळणावर भिंतीचा उडालेला टवका. पट्टीवाल्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. हाक मारायची, पण कोणाला? तिचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. आणि घरात एकटं राहून राहून माणसाची हाक मारायची सवयही मोडते. बायको गेल्यापासून त्यांनी कोणाला हाक मारली नव्हती.

ते खाकरले. पहिली हाक घशातच राहिली, अर्धी, काना न दिलेल्या ‘भ’सारखी.

दुसरी त्यांनी चांगली मोठ्याने मारली. “बाई, आहात का?”

वर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.